शब्दचर्चा: ‘थ्रू’चे आखूड स्पेलिंग चूक मानावे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): दहावीच्या एका विद्यार्थ्याने इंग्रजी पत्रलेखनात ‘थ्रू’ हा शब्द टी-एच-आर-यू एवढ्याच अक्षरांत लिहिला. मी लाल शाईने दुरुस्ती केल्यावर त्याने मोबाइलवरील खेळात आणि अमेरिकेतील रस्त्यांच्या पाट्यांवर हेच स्पेलिंग असल्याचे दाखवले. त्याच खेळातील संवादांत ‘नूब’ आणि पी-डब्ल्यू-एन हे शब्दही सतत येतात. या सर्वांना सरसकट अशुद्ध म्हणावे का, आणि त्यांचे नेमके अर्थ कोणते?

उत्तर (सांगली): बाई, विद्यार्थ्याने दाखवलेला पुरावा खरा आहे आणि आपली दुरुस्तीही योग्य आहे. ‘थ्रू’चे आखूड रूप मोबाइलच्या पिढीने काढलेले नाही. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीवर चाललेल्या स्पेलिंग सुधारणा मंडळाने 1906 साली सोप्या स्पेलिंगच्या 300 शब्दांची यादी काढली, तीत हे रूप होते, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती यादी सरकारी छपाईत वापरण्याचा आदेशही दिला. परंतु प्रतिनिधीगृहाने विरोध केला आणि आदेश मागे पडला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने 1934 पासून अशी रूपे छापून पाहिली व 1975 मध्ये तो प्रयोग थांबवला. म्हणजे पैसा, सत्ता आणि मोठे वृत्तपत्र पाठीशी असूनही हे स्पेलिंग औपचारिक लेखनात रुजले नाही. रस्त्यावरच्या पाट्या आणि गाडीत बसूनच खाद्यपदार्थ घेण्याच्या खिडक्या, एवढ्यापुरते ते टिकले. पत्रलेखनात ते चालणार नाही, याचे कारण हे आहे.

उरलेल्या दोन शब्दांची जात वेगळी आहे. पी-डब्ल्यू-एन म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पुरता धुव्वा उडवणे. ‘ओन’ म्हणजे ताब्यात घेणे, या अर्थाचे क्रियापद घाईने टंकताना ओ ऐवजी शेजारची पी ही कळ दाबली गेली आणि ती चूकच खेळाडूंनी हौसेने उचलली, अशी त्याची सर्वमान्य व्युत्पत्ती आहे. बोलताना बहुतेक जण त्याचा उच्चार ‘पोन’ असा करतात. ‘नूब’ हा शब्द ‘न्यूबी’ म्हणजे नवखा यावरून आला, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. न्यूबी आज ना उद्या शिकेल असे गृहीत असते, तर नूब म्हटल्यावर शिकण्याची तयारीच नसलेल्या माणसाचा उपमर्द होतो. विद्यार्थ्यांना हा फरक जरूर सांगावा, कारण खेळाबाहेर हा शब्द मनाला लागतो.

अशा लेखनाला मी अशुद्ध म्हणणार नाही. मराठी संकेतस्थळांवर लोक ‘जाहिरात’ऐवजी ‘झैरात’ आणि ‘काहीच्या काही’ऐवजी ‘कैच्याकै’ लिहितात, तेव्हा लिहिणाऱ्याला मूळ शब्द येतो आणि वाचणाऱ्यालाही तो आठवतो. लेखनातील सलगी, थट्टा किंवा स्वतःच्याच मालाची ओशाळी भलामण त्या मोडतोडीतून पोहोचते. मूळ रूप कोणालाच ठाऊक नसेल, तर ‘झैरात’ या शब्दात काहीच उरत नाही. मुद्दाम मोडलेले स्पेलिंग प्रमाण स्पेलिंगच्या आधारावरच उभे असते. म्हणून त्याच्यामुळे इंग्रजी बुडेल ही भीती मला पटत नाही.

प्रतिसाद (कोरेगाव, जि. सातारा): सर, लिहिणाऱ्याला मूळ रूप येते, हे आपले गृहीतक आमच्या वर्गात लागू पडत नाही. आमची मुले मराठी माध्यमाची आहेत. इंग्रजी शब्द पाठ्यपुस्तकात भेटण्यापूर्वीच मोबाइलच्या पडद्यावर भेटतो. ‘यू’ हे एकच अक्षर लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण शब्द तीन अक्षरांचा आहे, हे माहीत असेलच असे नाही. शिवाय मराठीत साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 नियम दाखवता येतात, तसे इंग्रजीत काय दाखवावे?

उत्तर (सांगली): आपला पहिला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि माझ्या विधानाला त्याने योग्य मर्यादा घातली आहे. एकच रूप एका मुलाच्या हातून निवड म्हणून येते आणि दुसऱ्याच्या हातून अज्ञानामुळे येते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून लाल शाईपूर्वी ‘हा शब्द पूर्ण कसा लिहितात?’ एवढे विचारावे. उत्तर आले, तर कुठे काय लिहावे हा औचित्याचा धडा द्यावा. उत्तर आले नाही, तर स्पेलिंगचाच धडा द्यावा.

दुसऱ्या प्रश्नाबाबत सांगायचे तर, इंग्रजीत नियम ठरवणारे महामंडळ नाही. मुद्रकांच्या सवयी आणि सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशासारखे कोश यांतून तिथले प्रमाण घडले. अमेरिकी कोशकार नोहा वेब्स्टर यांनी सुचवलेले ‘कलर’चे यू-विरहित रूप अमेरिकेने स्वीकारले, पण ‘टंग’ म्हणजे जीभ, याचे टी-यू-एन-जी हे सोपे रूप नाकारले. उच्चाराला जवळचे असणे पुरेसे ठरत नाही, छापणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी ते उचलावे लागते. याहून विलक्षण उदाहरण ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दातील मुक्या बी-चे आहे. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून बी शिवाय आला होता; मूळ लॅटिन शब्दात बी आहे, हे दाखवण्यासाठी विद्वानांनी ती मागाहून घातली. आज आपली मुले जे अक्षर गाळतात म्हणून गुण गमावतात, ते अक्षरही कोणीतरी एकेकाळी मुद्दामच घातलेले होते.

मुलांना दाखवायला कोश पुरेसा आहे. चांगल्या इंग्रजी कोशात अशा रूपांपुढे अनौपचारिक अशी खूण असते, आणि ऑक्सफर्डच्या कोशाने 2011 साली ‘एल-ओ-एल’ला (मोठ्याने हसण्याचे संक्षिप्त रूप) जागा दिली, ती ते रूप वापरात असल्याची नोंद म्हणून. कोशात शब्द आहे म्हणजे तो अर्जात चालतो, असा तर्क मुले करतात. त्यांना नोंदीपुढची ती खूण वाचायला शिकवावे.