पांझरा नदीच्या उपनाल्यावर तीन गावांचा एकत्र पाणलोट आराखडा : सुरुवात कुठून?

पांझराकाठ (साक्री तालुका): नमस्कार मंडळी. पाणलोट १२०० हेक्टर, तीन गावं, वस्ती ४०००. पाऊस सरासरी ५५० मिमी, पण चारपैकी तीन वर्षं भरवशाचा धरावा तर ४५०. प्रत्येक ग्रामपंचायतीला आपल्याच शिवारात सिमेंट बंधारा हवाय. कामांचा क्रम कसा लावावा?

शिवारफेरी: भाऊ, जागा नंतर, पाण्याचा ताळेबंद आधी. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ४५० मिमीने ५४ लाख घनमीटर. त्यातलं १५ टक्के वाहून येतं असं धरलं तर ८१० टीसीएम (हजार घनमीटर). यातून आधीचे बंधारे आणि पाझर तलाव वजा करा, पण कागदावरची क्षमता धरू नका, गाळ मोजा. खालच्या गावांचा वाटा सोडा. उरेल तेवढ्याच साठ्याची नवी कामं घ्या, नाहीतर वरचा बंधारा भरतो आणि खालचा कोरडा राहतो. पिण्याचं माणशी रोज ५५ लिटरने वर्षाला ८० टीसीएम लागतं, ते आधी बाजूला. जनावरं त्यानंतर, पिकं शेवटी.

मुरूममांजऱ्या: शिरपूरला नाला खोलीकरण जमलं म्हणून लगेच पोकलेन लावू नका. आधी नाल्यात दर २०० मीटरवर चाचणी खड्डा घ्या, पाणी भरा, २४ तासांत किती उतरतं ते पाहा. पिवळी चिकण माती किंवा अखंड काळा पाषाण लागला तर तिथे फक्त उघडा साठा होतो आणि उन्हाळ्याआधीच बराचसा उडून जातो. मुरूम, फुटका खडक हवा. धुळे-नंदुरबारात डाईक (जमिनीत भिंतीसारखे उभे गेलेले कठीण खडकाचे पट्टे) भरपूर आहेत. जमिनीतलं पाणी त्या उभ्या भिंतीच्या वरच्या अंगाला अडतं. म्हणून बंधारा आणि पिण्याची विहीर त्याच अंगाला घ्या. आणि उपसलेली माती काठावर टाकू नका, पहिल्याच पुरात ती परत नाल्यात येते.

थळकरी: माथा ते पायथा, हा क्रम मोडू नका. डोंगरउतारावरचे समतल चर आणि बांधबंदिस्ती आधी, नाला शेवटी. उलट केलं की दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायला गाळ्यांत बसवायच्या फळ्या) पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात घाला आणि रबरी सील तपासूनच. उशीर झाला की वाहतं पाणी गेलंच. पांझरेवर फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, वाटून देण्याची जुनी रीत) शेकडो वर्षं टिकली ती वाटपामुळे: एका फडात एकच पीक, पाणी पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) देणार, शेतकरी स्वतः दार उघडणार नाही. ऑक्टोबरात निरीक्षण विहिरींची पातळी घेऊन तिन्ही ग्रामसभांनी रब्बीचं क्षेत्र ठरवावं. केळी, ऊस वर्षभर पाणी मागतात, त्यांचं क्षेत्र त्याच बैठकीत लिहून घ्या. हा ठराव निधी येण्याआधी करा; बंधारा उभा राहिल्यावर वरचं गाव सही करत नाही.