गौरींआधी दागिने बाहेर निघालेत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: सर्वांसाठी सूचना. 'दागिने घरपोच पॉलिश करून देतो' म्हणत दुपारी दोघे जण गेटवर आले होते. वॉचमनने आत सोडलं नाही. कृपया कोणीही परस्पर बोलावू नका.

बी-३०४ वहिनी: पण गौरी आठवड्यावर आल्या, सगळं मळकट दिसतंय. डोळ्यांसमोर करून घेतलं तर काय बिघडतं?

ए-१०२ अण्णा: डोळ्यांसमोरच जातं, वहिनी. त्यांच्या वाटीतलं 'पाणी' म्हणजे मिठाचं आम्ल आणि नायट्रिक आम्ल यांचं मिश्रण. या दोघांपैकी एकट्या आम्लात सोनं विरघळत नाही, एकत्र आली की विरघळतं. बांगडीचा आकार तोच राहतो, नक्षीच्या कडा जरा बुजतात आणि वजन उतरतं. मग हळदीच्या पाण्यात टाकून डबा बंद करून देतात, 'तासाभराने उघडा' म्हणतात. तोवर ते दुसऱ्या गल्लीत. त्या पाण्यातलं सोनं नंतर परत काढता येतं, धंदा तोच आहे.

सी-६०१ ताई: त्याला आम्लराज म्हणतात. नाव राजेशाही, काम असं.

ए-१०२ अण्णा: दुकानात पॉलिशला देतानाही आधी ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, परत घेताना पुन्हा. बफिंगच्या चाकावर थोडं झिजतंच, म्हणून दरवर्षी पॉलिश नको. आणि हॉलमार्कच्या जागेवर चाक फिरवू नका असं आधीच सांगा. तो सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र नंबर, लेझरने अगदी वरवर कोरलेला असतो, पुसला गेला तर बीआयएस केअर ॲपवर तपासणार काय?

डी-२०३ काकू: आमच्या नथीवर तो नंबरच नाही हो. खोटी म्हणायची का?

ए-१०२ अण्णा: नाही काकू. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय सोन्याचे दागिने विकता येत नाहीत, पण २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे. कुंदन, पोलकी, जडावालाही आहे. आणि जुन्या दागिन्यावर तो असण्याचा प्रश्नच नाही.

बी-३०४ वहिनी: बरं, मग घरी साफ कसं करू? पाटल्या, चेन, ठुशी, बोरमाळ, नथ आणि रोजचं मंगळसूत्र.

ए-१०२ अण्णा: या सहांना एका पातेल्यात घालू नका, एवढं आधी ऐका. साफ करायची पद्धत सोन्यावरून नाही, पोटात काय आहे त्यावरून ठरते. पाटल्या आणि चेन भरीव, त्यांना पाणी चालतं. ठुशीत दोरा, बोरमाळेत लाख, नथीत मोती, मंगळसूत्रात तार आणि काळे मणी. चौघांचे चार नखरे.

ए-१०२ अण्णा: भरीवसाठी रिठे. चार-पाच रिठे फोडून बिया काढा, साल दोन कप पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळा. बोटाला कोमट लागेल इतकं निवल्यावर दागिने त्यात पंधरा मिनिटं ठेवा. लहान मुलांच्या मऊ ब्रशने नक्षीच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. मागची बाजू विसरू नका. साबण, तेल, कणीक आणि हळद-कुंकवाचा राप तिथेच बसतो. डोळ्यांत पाणी उडू देऊ नका, रिठा जबर झोंबतो.

बी-५०४ दादा: रिठे नसले तर?

सी-६०१ ताई: अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. त्याहून जास्त घातलं तर फेस धुताना वैताग. पण बेसिनमध्ये नको, वाडग्यात करा आणि धुताना खाली चहाची गाळणी धरा. कानातल्याची फिरकी नळीत गेली की प्लंबर येईपर्यंत पाणी बंद.

बी-५०४ दादा: आणि टूथपेस्ट? मित्राच्या घरी तीच लावतात.

सी-६०१ ताई: टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती दातांच्या कठीण आवरणासाठी. २२ कॅरेट सोनं त्याहून कितीतरी मऊ. चकाकतं ते वरचा थर खरवडला जातो म्हणून. मग बारीक चरे पडतात, त्यांत मळ आणखी लवकर बसतो.

बी-५०४ दादा: टँकर किती वाजता आहे आज?

सेक्रेटरी: ४ वाजता. त्यासाठी वेगळा ग्रुप आहे.

बी-५०४ दादा: कोमट पाण्याला आधी पाणी हवं, म्हणून विचारलं 😄

डी-२०३ काकू: बोरमाळेचं सांगा. मागे एका वहिनींची चेपली होती.

ए-१०२ अण्णा: बोरमाळ, मोहनमाळ, साजाची पानं या पातळ पत्र्याच्या पोकळ वस्तू. आत लाख भरलेली असते, ती पत्र्याला आतून आधार देते. गरम पाण्याने लाख मऊ पडते, मणी जिथे दाबला जाईल तिथे खड्डा पडतो, आणि भोकातून लाख बाहेर आली की तो मणी पुन्हा सरळ होत नाही. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, गॅसच्या बाजूच्या कट्ट्यावरही नको. साफ करताना मलमलीचा तुकडा साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एकेक मणी पुसा. बुडवायचं नाहीच, कारण भोकातून आत गेलेलं पाणी लाखेशी अडकून राहतं.

ए-१०२ अण्णा: आणि लाखेच्या वस्तूला डाख (धातूचा सांधा) द्यायची वेळ आली तर कारागिराला 'आत लाख आहे' हे तोंडाने सांगा. त्याला आधी लाख काढावी लागते, नाहीतर फुंकणीच्या आचेने ती उकळून बाहेर येते. बिलावर एकूण वजन आणि सोन्याचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं, त्यातला फरक ही लाख. मोडीत देताना पैसे सोन्याचेच मिळतात, तेव्हा बिल फेकू नका.

बी-३०४ वहिनी: ठुशीचा दोरा मागे काळपट झालाय, मानेला टोचतोय. धुतला तर?

ए-१०२ अण्णा: धुवू नका. दोरा ओला झाला की आत घाम आणि साबण जिरतो, सुकायला दोन दिवस लागतात, आणि मण्याच्या भोकाची धारदार कड ओल्या दोऱ्याला रोज थोडी कापत राहते. तुटतो तेव्हा एका क्षणात तुटतो, पण कापलं जाणं महिनोन्‌महिने चालू असतं. टोचतोय याचा अर्थ सूत विसविशीत झालंय. पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्याकडे, गाठवून घ्या. सणासुदीलाच घालत असाल तर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं, रोज घालत असाल तर दरवर्षी. गाठवायला देताना मणी मोजून कागदावर लिहा आणि वजनही. गौरींआधी त्यांच्याकडे रांग असते, आजच विचारून ठेवा.

सी-६०१ ताई: घालून आलात की ठुशी लगेच डबीत बंद करू नका. रात्रभर पंख्याखाली सुती कापडावर पसरवा. घाम बंद डबीत राहिला की दोऱ्याला वास येतो आणि बुरशी धरते. पावसाळ्यात तर हमखास.

डी-२०३ काकू: मंगळसूत्र तर उतरवतच नाही आम्ही.

ए-१०२ अण्णा: म्हणूनच ते सगळ्यांत जास्त झिजतं. तारेच्या मंगळसूत्रात प्रत्येक मण्याच्या टोकाला तारेचा बारीक वळसा असतो, शेजारच्या वळशात अडकवलेला. झीज तिथेच होते, मधल्या भागात नाही. आठवड्यातून एकदा टॉर्चच्या उजेडात वळसे पाहा. नवी तार गोल दिसते, झिजलेली एका बाजूने चपटी. निम्मी झाली असेल तर ते दोन-चार वळसे बदलून घ्या, सगळं गाठवायची गरज नाही. वाट्यांच्या आतून तेल-साबण काढायला टूथपिकला कापूस गुंडाळा. जुन्या काही वाट्यांत लाख असते, तेव्हा उकळतं पाणी तिथेही वर्ज्य.

सी-६०१ ताई: हूकचा आकडाही बघा. उघड-मीट करून तार लवते, आकडा जरा उघडाच राहतो आणि पदरात अडकला की सुटतो. बोटाने दाबून सरळ करायचा मोह आवरा. त्याच जागी पुन्हा वाकवला की तार तुटते.

बी-५०४ दादा: आईच्या हिरव्या बांगड्यांमध्ये सोन्याची पाटली घातलेली चालते का? तिच्या पाटलीला काचेच्या बाजूने चरे आहेत.

ए-१०२ अण्णा: काच सोन्यापेक्षा कठीण, तेव्हा झिजणार सोनंच. हिरवा चुडा घालायचाच असतो, मग पाटली कडेला ठेवा आणि दोन्हींमध्ये लाखेची बांगडी अडसर म्हणून घाला. लाखेची झिजली तर शंभर रुपयांची, पाटली झिजली तर मोजायला काटा लागतो.

डी-२०३ काकू: आणि नथ? मोत्यावर पिवळसर झाक आलीये.

सी-६०१ ताई: मोती कॅल्शियम कार्बोनेटच्या थरांचा असतो, त्यांना सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतो. आम्ल त्याला थेट खातं, म्हणून लिंबू, व्हिनेगर, चिंच काहीही लावू नका. अत्तर, पावडर, हेअरस्प्रे आधी, नथ सगळ्यांत शेवटी. काढताना मात्र पहिली, आणि लगेच ओलसर मलमलीने पुसायची. पिवळी झाक म्हणजे घाम-तेल मुरलेलं, ते पूर्ण जात नाही. पोवळंही त्याच जातीचं आहे. ज्यांनी पोवळ्याची अंगठी घातलीये त्यांनी लिंबू पिळताना काढून ठेवा.

बी-३०४ वहिनी: हिऱ्याची अंगठी १८ कॅरेटची आहे, ती पण पाण्यात?

सी-६०१ ताई: साबणाच्या कोमट पाण्यात चालेल. हिऱ्याला तेल चटकन चिकटतं, मागच्या जाळीतून ब्रश फिरवा. नंतर अंगठी कानाजवळ धरून हलकी टिचकी मारा. खुळखुळ आवाज आला तर हिरा धरणारे दाते सैल, तशीच घालू नका. कापूस दात्यावरून फिरवून धागा अडकतो का पाहा. आणि पोहायला जाताना, ब्लीचने फरशी पुसताना अंगठी काढाच. क्लोरीन सोन्यातल्या तांबं-चांदीवर जातं आणि दाते ठिसूळ होतात. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, बाकी २५ टक्के मिश्रण. २२ मध्ये मिश्रण जेमतेम ८.४ टक्के. म्हणून १८ ला धोका जास्त.

बी-५०४ दादा: फुटलेल्या थर्मामीटरचा पारा अंगठीला लागला तर?

ए-१०२ अण्णा: सोनं पांढरं पडतं, पारा सोन्यात मिसळतो. घासून जात नाही. घरी गॅसवर तापवण्याची आयडिया अजिबात नको, पाऱ्याची वाफ विषारी. झिप पिशवीत बंद करून सराफाकडे द्या.

डी-२०३ काकू: चांदीच्या जोडव्यांचं आणि पैंजणांचं काय? काळीकुट्ट झालीत. चांदी खोटी निघाली म्हणतात अशाने.

सी-६०१ ताई: खोटी नव्हे, काकू. हवेतलं हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तो काळा थर. अंडी, कांदा-लसूण, रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र या सगळ्यांत गंधक असतं. रबरबँडने बांधलेल्या पैंजणावर बरोबर रबरच्या जागी काळा पट्टा येतो, कधीही पाहा.

सी-६०१ ताई: कृती: काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा. १ लिटर कढत पाण्यात १ मोठा चमचा खायचा सोडा आणि १ छोटा चमचा मीठ. बेकिंग पावडर नव्हे. चांदी फॉइलला टेकलेली हवी, नाहीतर काहीच होत नाही. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. दोन ते पाच मिनिटं. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. मग साध्या पाण्याने धुवून पुसा, घुंगरू पंख्याखाली सुकवा. खडे, मीना, मोती, लाख असलेल्या चांदीला आणि मुद्दाम काळ्या केलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना हे करू नका, कोरीव कामातली काळी छटा धुतली जाते.

ए-१०२ अण्णा: देवाचे टाक मात्र दर सणाला चिंच-राख लावून घासू नका. दोन पिढ्यांत खंडोबाचे नाक-डोळे सपाट होतात, मग कोणता देव तेच कळत नाही. मागे तांब्याचा पत्रा असेल किंवा आत लाख भरलेली असेल तर फॉइलचं पाणीही नको, नुसतं ओल्या मऊ कापडाने.

बी-३०४ वहिनी: साफ झाल्यावर ठेवायचं कसं?

ए-१०२ अण्णा: प्रत्येक वस्तू वेगळी, सराफाच्या गुलाबी कागदात. हिरा आणि सोनं एकाच डबीत नाही, हिरा सगळ्यालाच ओरखडतो. चेनचा हूक लावूनच ठेवा, गुंता होत नाही. झालाच तर गाठीवर टाल्कम पावडर टाकून दोन सुयांनी सोडवा. चांदी झिप पिशवीत, हवा काढून, सोबत सिलिका जेलची पुडी.

सेक्रेटरी: छान माहिती, पिन करतो. वॉचमनला घरपोच पॉलिशवाल्यांबद्दल पुन्हा सांगितलंय.

बी-३०४ वहिनी: रिठे आत्ताच भिजत घातले, अण्णा. बियांसकट.

ए-१०२ अण्णा: बिया काढा.