डिजिटल उतारा नाकारणारा कारकून अडाणी नाही, कायदा अर्धवट आहे

दप्तरखाना

काल 'निळी शाई' यांनी लिहिलं की सगळ्या सरकारी सेवा ऑनलाइन करा, कागद बंद करा आणि डिजिटल सहीचा उतारा किंवा दाखला नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याला सरळ निलंबित करा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाचून संताप आला. दोष भलत्याच माणसाच्या माथी मारलाय.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० उघडा. कलम ४ इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता देतं, कलम ५ सहीला. कलम ६ म्हणतं की सरकारी कार्यालयातले अर्ज, परवाने, भरणा हे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालेल. इथवर सगळे वाचतात आणि पुस्तक मिटतात. कलम ९ वाचा. कलम ६, ७ आणि ८ मुळे एखाद्या खात्याने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक रूपात स्वीकारावं असा आग्रह धरण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. सरकारने दिलं तर घ्यायचं, मागायचं नाही. निलंबन कोणत्या कलमाखाली करणार?

दुसरी गोष्ट. डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नसते. पीडीएफ छापली की उरतं ते हिरव्या टिकमार्कचं चित्र. तसं चित्र कोणीही चिकटवू शकतो. छापील सातबारा खरा की खोटा हे कळायला त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद उघडावी लागते, मग गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार आणि इतर हक्काचा रकाना ओळीने जुळवावा लागतो. नुसतं 'क्रमांक सापडला' हे पुरेसं नाही, कारण खऱ्या उताऱ्याचा क्रमांक खोट्यावर छापता येतो. हे सगळं केल्यावर 'पडताळणी केली' याची नोंद फाइलला कोणत्या नमुन्यात लावायची? बहुतेक ठिकाणी तसा नमुनाच नाही. पुढे दाखला बनावट निघाला तर नोटीस त्या कारकुनाला. तो शिक्क्याची प्रत मागतो कारण शिक्क्याखाली दुसऱ्या कोणाची तरी सही असते.

निळी शाई

कारकुनाची वकिली छान केलीत. कलम ९ आग्रहाचा हक्क देत नाही, पण नाकारायला सांगतही नाही. आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सोयीने विसरलात. अधिसूचित सेवा मुदतीत द्यायची, नाकारायची तर कारण लेखी द्यायचं. पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याने कसूर केली तर ५०० ते ५००० रुपये शास्ती. ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. खिडकीवर तोंडी 'हे चालत नाही' म्हणणं हाच या कायद्याचा भंग आहे.

कागदाच्या काळात अर्ज कधी दिला हेच सिद्ध होत नव्हतं. पोच मागितली की 'साहेब नाहीत'. आज पावतीवर तारीख असते, वेळ असते, अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. नागरिकाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलंय आणि तुम्ही त्यातही खोट काढताय.

मंडळ

तारीख दिसते, खरं आहे. पण घड्याळ कुठून सुरू होतं? सगळ्या कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज आला तिथून. म्हणून मुदत संपत आली की अर्ज 'त्रुटी' म्हणून परत जातो. त्रुटी काय तर 'कागदपत्र अस्पष्ट'. अर्जदाराने पुन्हा अपलोड केलं की मोजणी नव्याने सुरू. फलकावर प्रलंबित प्रकरणं शून्य. ही पळवाट संगणकाने जन्माला घातलेली नाही, पण एका क्लिकवर आणून ठेवली ती त्यानेच. उपाय साधा आहे. त्रुटी एकदाच आणि एकदम काढायची, पहिल्या काही दिवसांत काढायची, आणि परत पाठवल्यावर घड्याळ थांबवायचं, शून्यावर न्यायचं नाही. यासाठी नियमात दुरुस्ती हवी. आज्ञावली बदलून भागणार नाही.

आणि फेरफाराबद्दल, म्हणजे हक्कनोंदीत मालकीचा बदल नोंदवण्याबद्दल, एकदा नीट बोलू. खरेदीखत नोंदलं की माहिती आपोआप तलाठ्याकडे येते, म्हणून लोकांना वाटतं की सातबाराही त्याच दिवशी बदलावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५० पाहा. हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत, सुनावणी, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. ती नोटीस सहहिस्सेदाराला खरंच मिळाली का, यावर पुढची अपिलं ठरतात. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. एवढं वजन असलेली नोंद घाईने पाडायची नसते.

कलम त्रेसष्ट

पुराव्याचं कोणी बोलतच नाही. उतारा न्यायालयात दाखल करायचा तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं. आधी जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब होतं. अन्वर प्रकरणात २०१४ साली आणि अर्जुन खोतकर प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. भाग 'अ' नोंद सादर करणाऱ्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. नोंदीचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा आकड्यांतला ठसा, आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हेही लिहायचं. आता सांगा, तालुक्याच्या ठिकाणी भाग 'ब' वर सही कोण करणार? राज्याच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरबद्दल तलाठी 'हा संगणक नियमितपणे व्यवस्थित चालू होता' असं लिहून देणार का? तो कोणत्या माहितीवर?

सहीची किल्ली ज्यात असते त्या टोकनचंही तेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ म्हणतं की खाजगी किल्ली सहीच्या मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवायची आणि ती फुटली तर प्रमाणन प्राधिकरणाला लगेच कळवायचं. जिथे टोकन ऑपरेटरच्या संगणकाला दिवसभर लावलेलं असतं आणि पिन पडद्याच्या कडेला चिकटवलेली असते, तिथली प्रत्येक सही तांत्रिकदृष्ट्या वैध आणि कायद्याने मात्र वादात ढकलण्याजोगी. शंभर दाखले एकदम सही करण्याची सोय तर आणखी घातक. अधिकाऱ्याने काय वाचून सही केली हे त्यात कुठेच उरत नाही.

निळी शाई

पिन चिकटवणं हा माणसाचा दोष झाला. यंत्रणेचा नाही.

कलम त्रेसष्ट

रोज चारशे सह्यांची अपेक्षा, एक टोकन आणि तीन ठिकाणी अतिरिक्त कार्यभार. अशी यंत्रणा आखणाऱ्याचा दोष आहे तो.

आणि मुदतीचं राहिलंच. सहीचं प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपतं. सही करताना कालमुद्रा, म्हणजे सहीच्या वेळेचा प्रमाणित शिक्का, आणि त्यावेळची पडताळणीची माहिती फाइलमध्येच बांधली नसेल, तर दहा वर्षांनी ती फाइल उघडल्यावर सही तेव्हा वैध होती का, हे सिद्ध करता येत नाही. जातीचा दाखला माणूस आयुष्यभर वापरतो.

अर्धा र

सगळे सहीवर भांडताय. दाखल्यावरचं नावच जुळत नसेल तर सही घेऊन काय करायचं?

'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. दोन, साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राला ही दोन वेगळी आडनावं आहेत. एका खात्याच्या कळफलकाने पहिला प्रकार साठवला, दुसऱ्याने दुसरा, आणि अर्जावर शेरा पडला 'नाव जुळत नाही'. अर्जदार दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो, त्याला फरक दिसत नाही, कारण दिसण्यासारखा फरकच नाही.

युनिकोडचं, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक संकेताचं, प्रमाण रूप काढलं तरी हे सुटत नाही. त्यात र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून ऱ होतो, पण अदृश्य जोडचिन्ह तसंच राहतं. मग कोणी हुशारी करून ते चिन्ह सरसकट पुसतो. पुसलं की रफार होतो आणि 'कर्हाडे' उमटतं. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. दुसरा माणूस, दुसरा अर्थ.

'ॲ' चंही तसंच. स्वतंत्र ॲ २००८ साली युनिकोडमध्ये आला. त्याआधीच्या नोंदींत अ वर चंद्र जोडलेला. आणि त्याच्याही आधीचा डेटा श्रीलिपी, सुरेख अशा जुन्या फाँटमधला, जिथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली. तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रूपांतर करणाऱ्याने जोडाक्षरात ती जागा चुकवली की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते.

निळी शाई

हे विषयांतर आहे. नावं इंग्रजीत ठेवा, प्रश्न मिटला.

अर्धा र

मिटला? 'लक्ष्मी' रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते मोजा. 'वैशाली'च्या शेवटी एक अक्षर की दोन? 'शिंदे'चा अनुस्वार सोपा वाटतो, 'संयोगिता'चा लिहून दाखवा. आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ प्रमाणे राज्याचा कारभार मराठीत आहे. हक्कनोंद मराठीत, आधारवर दोन्ही लिपींत, बँकेत फक्त रोमन. यातलं कायद्याने खरं नाव कोणतं? याचं उत्तर कोणत्याही खात्याने लिहून ठेवलेलं नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या पडद्यावरचं खरं धरतो. शेवटी अर्जदाराला 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करायला पाठवतात. ऑनलाइन सेवेसाठी नोटरीपुढची रांग! चीड येते याची.

करायचं काय तेही सांगतो. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवायची, तुलनेसाठी वेगळं प्रमाणरूप साठवायचं. त्यात अर्ध्या र ची दोन्ही रूपं एकाच रूपावर आणायची, पुसायची नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, नाव जुळलं नाही तर यंत्राने अर्ज फेटाळायचा नाही, माणसाकडे पाठवायचा.

मंडळ

यात भर. हस्तलिखितातून संगणकात घेताना झालेली लेखनातली चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. पण तिथेही सावध राहावं लागतं. नावातली वेलांटी सुधारणं वेगळं आणि वारस कमी-जास्त करणं वेगळं. १५५ च्या नावाखाली हक्कच बदलले जातात, मग ते आदेश अपिलात टिकत नाहीत. आज्ञावलीत दोन्हीला एकच बटण आहे, तोवर हे चालणार.

बाकडं

तुमची चर्चा ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याबद्दल चाललीय. ज्याचा अंगठाच उमटत नाही त्याचं काय? आधार कायद्याच्या कलम ७ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगतं की क्रमांक मिळाला नसेल तर ओळखीचा पर्याय द्यायचा. बोट उमटलं नाही तर डोळा, मग ओटीपी, आणि तेही नाही तर वहीत नोंद करून लाभ द्यायचा, हे आधार देणाऱ्या यूआयडीएआय प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्येच परिपत्रकात सांगितलंय. २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधार निकालात कलम ७ टिकलं, पण ओळख पटवताना यंत्र अडलं म्हणून लाभ बुडू नये हेही त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ चाच भाग मानला, कारण ई-केवायसीत डोळे मिचकावायला सांगतात आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना किंवा अंधांना ते जमत नाही.

कायदा एवढा स्पष्ट असून माणूस उपाशी परत जातो, कारण यंत्र नाकारतं तेव्हा आदेश निघत नाही. पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि विझतात. सकारण आदेश नाही, तारीख नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही. अपील कशाविरुद्ध करायचं? 'निळी शाई' यांच्या शास्तीच्या कलमात यंत्राच्या नकाराला जागा कुठे आहे?

निळी शाई

हे मान्य. नकार यंत्राचा असला तरी त्याची छापील पावती निघाली पाहिजे, कारण आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नावासह. पण कागदी खिडकी पुन्हा उघडायला माझा ठाम विरोध आहे. ती उघडली की सगळ्यांना तिथेच ढकलतात.

दप्तरखाना

खिडकी बंद ठेवून परंतुकातली वही कुठे ठेवणार? दुसरी वाट उघडी ठेवणं ही कायद्याचीच अट आहे, मेहेरबानी नाही. लोकांना तिथे ढकललं जातं ही भीती खरी आहे, म्हणून तिथल्या अर्जालाही तोच क्रमांक आणि तेच घड्याळ हवं.

तोंडी नकाराबद्दल मात्र माझी चूक झाली. कारकून घाबरतो हे खरं असलं तरी त्याने कारण लेखी द्यायलाच हवं. ते लेखी आलं तरच नमुना नाही, अधिकार नाही, हे वरच्याला दिसेल.

कलम त्रेसष्ट

वरच्याला दिसेल, नागरिकाला नाही. कोणी कधी लॉगिन करून काय बदललं ही नोंद माहिती अधिकारात मागा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलम ८(१)(जे) मधली सार्वजनिक हिताची कसोटीच काढून टाकली. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देऊ देणारं कलम ८(२) उरलंय, पण ते वापरायचं की नाही हे पुन्हा माहिती अधिकारीच ठरवणार.

निळी शाई

मग अर्जदाराला स्वतःच्या नोंदीचा लॉग तरी न मागता दिसू दे. त्यात तिसऱ्या कोणाची गुप्तता आड येते?

मंडळ

सहहिस्सेदाराची. पण नाव झाकून पदनाम आणि वेळ दाखवता येईल. याला कायदा बदलावा लागणार नाही.