खड्ड्यात गाडी आपटली, तर गॅरेजचं बिल पालिकेकडे मागायचं का?

चारचाकी
माझं मत आधीच सांगतो, मग काय बोलायचं ते बोला. खड्ड्यामुळे गाडीचं नुकसान झालं तर भरपाई लेखी मागायचीच. रस्ता पालिका हद्दीतला असेल तर पहिला अर्ज पालिकेत. पैसे मिळतील की नाही हा पुढचा भाग.

निमित्त माझंच आहे. उत्तर गोव्यातला एक बाजाररस्ता, गावाचं नाव देत नाही. पावसाच्या तोंडावर पाइप टाकायला रस्त्यात आडवा चर खणला, वर खडी आणि चिऱ्यांचे तुकडे लोटले आणि काम झालं म्हणून माणसं निघून गेली. जुलैपर्यंत खडी वाहून गेली, डांबराची कड तेवढी सुरीसारखी उभी राहिली, आणि वर गढूळ पाणी. रात्री समोरून बस आली, मी गाडी डावीकडे घेतली आणि धाडकन आपटली. पुढच्या डाव्या चाकाची रिम आत वाकली, टायरच्या कडेला फुगा आला, चाक धरून ठेवणारा लोअर आर्म बदलावा लागला. अलाइनमेंट धरून १४,००० रुपयांच्या वर गेलं.

पालिकेत अर्ज दिला. उत्तर एका ओळीचं: सदर रस्ता या पालिकेच्या ताब्यात नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे संपर्क साधावा. त्या खात्यात, म्हणजे साबांखात, गेलो तर म्हणाले, चर आमचा नाही, पाण्याच्या लोकांना विचारा. हे तुम्हा सगळ्यांना अपेक्षितच असणार. पण याच रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांकडून पालिका रोज सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, वसूल करते, पे पार्किंगची पावती फाडते. पैसे घेताना रस्ता पालिकेचा आणि चर पडला की साबांखाचा? हे तोंडी विचारलं की बाबू हसतो. आता त्यांचं पत्र सही-शिक्क्यासकट माझ्या हातात आहे.

पेडण्याचा
तुमचा राग पटतो, मागणी पटत नाही. पालिकेने तुम्हाला १४,००० दिले तर ते कुणाच्या खिशातून? घरपट्टीतून. म्हणजे चर खणणारा मोकळा, सही करणारा मोकळा, आणि तुमची रिम आम्ही शेजाऱ्यांनी मिळून सरळ करायची. शिवाय पाणी साचलेलं दिसत होतं ना? जुलैच्या रात्री साचलेल्या पाण्यात गाडी कोणत्या गियरमध्ये घालायची हे काय पालिकेने शिकवायचं?

चारचाकी
गियर दुसरा होता. आणि घरपट्टी मीही भरतो हो, पेडणेकर. त्याच घरपट्टीतून चुकीच्या कामाचं बिल पास होतं तेव्हा आपण कुणी हिशेब विचारत नाही. एका गाडीवाल्याने मागितलं की मात्र सगळ्यांना तिजोरी आठवते.

निवृत्त_जेई
खात्यात जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

गोव्यात पालिका आणि पंचायतींच्या हद्दीतले बहुतेक मोठे रस्ते साबांखाच हॉटमिक्स करतं, म्हणजे गरम डांबर-खडीचा थर घालतं. पालिकेच्या वाट्याला गल्लीबोळ आणि गटारं. तेव्हा ‘ताब्यात नाही’ हे उत्तर खरं असू शकतं. त्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. डांबर आणि साचलेलं पाणी यांचं कधीच जमत नाही. पाणी सांध्यातून आत जातं, खालची खडी सैल होते, वरून टिपर गेला की थर उचकटतो.

पण तुमचा हा खड्डा नव्हे, चर. त्याचं कारण पाऊस नाही. चर भरायचा तर माती-खडी थराथराने घालून प्रत्येक थर दाबावा लागतो. आपल्याकडे एकदम भरतात आणि वरून जेसीबीचं बकेट आपटतात. मग पहिल्या पावसात जमीन बसणारच. रस्ता खणण्याआधी परवानगी घ्यावी लागते, रस्ता पूर्ववत करायचे पैसे भरावे लागतात. म्हणजे कागद कुठेतरी आहेच. नुकसानभरपाईपेक्षा तो शोधा. माहिती अधिकारात १० रुपये भरून तीन गोष्टी मागा: परवानगी कुणाला दिली, पूर्ववत करण्याचे किती पैसे घेतले, आणि त्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने करून द्यायचा असतो. भरपाईच्या अर्जाने हे घडत नाही, म्हणून माझा त्याला विरोध.

स्कूटरवाली
चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, खड्डे बुजवू, असं यंदाही ऐकलं. बुजवतात कशाने? पेव्हर ब्लॉक आणि लाल माती. चवथ संपेपर्यंत तेही चिखलात जातं.

आणि क्षमा करा, पण इथे रिमवर इतकी चर्चा चालली आहे म्हणून बोलते. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्यात दुचाकीवाले किती असतील याचा अंदाज करा. तुम्ही गाडीत बसून धाडकन आवाज ऐकता, आम्ही रस्त्यावर पडतो आणि मागून येणाऱ्या बसचा ब्रेक लागावा म्हणून देवाचा धावा करतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८अ कलम घातलं: रस्ता निकषाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड. एका जिवाला १ लाख, तोही ‘पर्यंत’. आधी यावर ओरडूया, अलॉय व्हील मागाहून.

चारचाकी
ताई, यात आधी-मागाहून कशाला? तोच चर आहे. माझं चाक वाकलं, उद्या तिथेच कुणाची स्कूटर जाईल. माझ्या अर्जात जागेचा फोटो आणि तारीख आहे. उद्या काही झालं तर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही.

फोंड्याची_वकील
चारचाकी नकळत मुद्द्याचं बोलले. पण आधी कायदा कुठे उभा आहे ते सांगते.

१९६६ साली चांदणी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा पालिकेचा, जुना, देखभाल पालिकेची. तो पडला यातच निष्काळजीपणा दिसतो, असं न्यायालय म्हणालं. १९९७ साली राजकोटच्या प्रकरणात रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला आणि त्याच न्यायालयाने पालिकेला सोडलं. तुमचा चर या दोन निकालांच्या मध्ये कुठे बसतो, त्यावर सगळं अवलंबून. माझ्या मते पहिल्याच्या जवळ, कारण चर आपोआप पडत नाही, कुणीतरी खणतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींना ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख द्यायला सांगितले. ते पैसे दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करायचंही त्यात आहे. पेडणेकरांच्या घरपट्टीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं. पण तो आदेश महाराष्ट्रातल्या यंत्रणांना आहे आणि माणसांच्या इजेपुरता आहे, गाडीच्या नाही. गोव्यात युक्तिवादाला उपयोगी, बोट दाखवून पैसे मागायला नाही.

ग्राहक आयोगात जायचा सल्ला कुणी देईल. टोल घेणारा रस्ता असेल तर तिथे बोलता येतं. नुसता रोड टॅक्स भरला म्हणून ग्राहक होत नाही. दिवाणी दावाच करायचा तर सरकारी खात्याला आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेचं ८० कलम. आणि वर्षाच्या आत हालचाल करा, नंतर मुदतीचा वाद निघतो. १४,००० साठी वकील लावून दावा? मी माझ्या अशिलाला नको म्हणेन. नोटीस मात्र जरूर पाठवायला लावेन.

स्विंडनकर
इथे इंग्लंडमध्ये गोंयकार खूप, खड्डेही खूप, आणि काउन्सिलकडे भरपाई मागणं ही नेहमीची गोष्ट. वेबसाइटवर फॉर्म, फोटो, बिल. पण सगळ्यांना पैसे मिळतात हा तिकडचा समज खोटा. १९८० च्या हायवे कायद्यात ५८ वं कलम आहे. काउन्सिलने ठरावीक काळाने रस्ता तपासला आणि कळलेला खड्डा वेळेत बुजवला असं दाखवलं की तुमचा अर्ज फेटाळला. म्हणून लोक सगळ्यात आधी हे शोधतात, की हा खड्डा आपल्या आधी कुणी कळवला होता का. कळवूनही तसाच पडून असेल तरच काउन्सिल अडकतं.

बाजारपेठ_माजी
मी एकेकाळी नगरसेवक होतो, कुठला ते सोडा. पालिकेकडे डांबराचा एक ड्रम नसतो. कामगारांचा पगार, कचरा उचलणं आणि दिवाबत्ती यातच सगळं जातं. वीज खात्याने केबल टाकली, मलनिस्सारणवाल्यांनी चेंबर केले, पाण्याचं खातंही आता साबांखातून वेगळं केलं. प्रत्येकाने आपापला रस्ता खणायचा आणि लोकांनी येऊन मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर टायर ठेवायचा. सोपोवरून रस्त्याची मालकी ठरवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. सोपो बसायच्या जागेचा असतो.

चारचाकी
माजीसाहेब, ती बसायची जागा ढगात आहे का? रस्त्यावरच आहे.

बाजारपेठ_माजी
मग उद्या पार्किंग बंद करू, गाडी घरीच ठेवा.

मेस्त
भांडण चालू दे, माझी दोन कामाची वाक्यं. वाकलेली रिम आणि जुना आर्म गॅरेजात टाकून येऊ नका, डिकीत ठेवा. नोटिशीला उपयोगी पडतात. बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. विम्याचं म्हणाल तर एकटा टायर गेला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, सोबत गाडीचं दुसरं नुकसान असेल तर टायरचे निम्मे. त्यात क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. बोनस ५० टक्क्यांवर असेल तर १४,००० साठी क्लेम न केलेलाच बरा.

पेडण्याचा
बघा, मेस्तने एका परिच्छेदात जे सांगितलं तेवढंच खरं व्यवहारी. बाकी नोटीस म्हणजे कागदावर कागद.

फोंड्याची_वकील
चारचाकी, स्विंडनकरांचा प्रश्न मीही विचारते. तुमच्या आधी त्या चराबद्दल कुणी लेखी तक्रार केली होती का?

चारचाकी
मी नाही केली. पण कोपऱ्यावर मोटारसायकल पायलटांचा, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवरून माणसं नेणाऱ्यांचा, स्टँड आहे. त्यांनी जूनमध्येच सह्या करून निवेदन दिलं होतं, एक पायलट तिथेच पडला होता म्हणून. प्रत त्यांच्या स्टँडवरच्या पेटीत आहे, मी पाहिली. वर पालिकेचा आवक शिक्का आहे.

फोंड्याची_वकील
मग तुमचे फोटो राहू देत. ते निवेदन पालिकेने पुढे साबांखाला पाठवलं का, कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात मागा. पाठवलं असेल तर साबांखाला माहीत होतं. नसेल तर पालिकेने दाबून ठेवलं. दोन्हीपैकी एकाला उत्तर द्यावं लागेल. आणि पडलेल्या पायलटाचं नाव तुमच्या नोटिशीत घालू नका, त्याला स्वतंत्र अर्ज करायला सांगा. त्याला लागलं आहे, त्याची मागणी तुमच्या रिमपेक्षा भारी आहे.

स्कूटरवाली
हे पटलं. त्याचा अर्ज लिहायला मी येते.

निवृत्त_जेई
आवक क्रमांक अर्जात घाला, नुसती तारीख नको. आमच्याकडे फाइल क्रमांकाने सापडते, तारखेने हरवते.

पेडण्याचा
पाठवा नोटीस. माझं मत बदललेलं नाही. पैसे आलेच तर चेकवर कुणाचं नाव आहे ते इथे लिहा, कंत्राटदाराचं की पालिकेचं. पालिकेचं असलं तर मी पुन्हा भांडायला येतो.