तुमच्या लहानपणचा रोबो मुलांना दाखवलात का?

आईकडे माळा आवरताना माझा जत्रेतला रोबो सापडला. चालता चालता थांबायचा, छातीची दारं उघडायची, आत लाल दिवे आणि बंदुका. सेल आतच राहून गेलेले, पत्तीवर पांढरट-हिरवा थर. सात वर्षांच्या लेकाने विचारलं, "याचा चार्जर कुठंय?"

मग त्याला 'जायंट रोबो' दाखवला. मूळ जपानी, १९६७-६८ चा, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायचा. पहिले भाग त्याला संथ वाटले. शेवटच्या भागात मात्र रोबो खलनायक गिलोटिनला कवटाळून अवकाशात निघाला, मनगटातल्या घड्याळातून त्याला हुकूम देणारा छोटा जॉनी त्यातच "परत ये" म्हणून ओरडत राहिला आणि रोबोने पहिल्यांदाच ऐकलं नाही. पोरगं माझ्या मांडीत शिरलं. "बाबा, त्याला ऐकू येत होतं ना?" मला बोलवेना. शेजारच्या काकूंकडे जमिनीवर बसून मीही असाच रडलो होतो.

तुमचेही अनुभव लिहा.

चिंचबोर: अगं बाई, ते घड्याळ! आम्ही भाऊबहीण मनगटावर पेनाने काढायचो. आंघोळीला पुसलं की भांडणं.

मोरपंखी: आमची व्हिकी, मुलीच्या रूपातली रोबो. 'स्मॉल वंडर' हिंदीत स्टार प्लसवर लागायचं. लेकीने लगेच पकडलं, "आई, ही पण डोरेमॉनसारखी कपाटात झोपते!" इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. मग म्हणाली, तिला अंधारात भीती नाही वाटत? त्या रात्री स्वतःच्या कपाटाचं दार उघडं ठेवून झोपली. नंतर सविस्तर लिहिते, कुकर झाला.

रानवारा: पत्तीला लिंबू चोळा, निघेल.

सोल्डरगन: लिंबू नको. जुने सेल झिंक-कार्बनचे, त्यातून गळतं ते आम्लधर्मी असतं. खायचा सोडा ओला करून जुन्या टूथब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग पॉलिश पेपरचा हलका हात. लिंबू-व्हिनेगर अल्कलाइन सेल गळले तर. आणि ती पावडर मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

कोकमसरबत: माळा आवरला म्हणजे फराळाला सुरुवात झाली का? माझी चकली तेलात विरघळतेय, कोणीतरी सांगा.

चिंचबोर: @कोकमसरबत मोहन जास्त झालं असेल. थोडी भाजणी मिसळून बघ.

दूरदेशी: जपानमध्ये राहतो. 'जायंट रोबो'चे कर्ते मित्सुतेरु योकोयामा कोबेचे. तिथे शिन-नागाता स्टेशनजवळ त्यांच्याच 'तेत्सुजिन २८' रोबोचा प्रचंड पुतळा आहे. १९९५ च्या भूकंपात तो भाग उद्ध्वस्त झाला होता, पुन्हा उभं राहण्याची खूण म्हणून २००९ मध्ये उभारला. मुलीला खांद्यावर घेऊन त्याच्या पायाशी उभा होतो. ती वर बघून म्हणाली, "हा आपल्याला बघतोय." बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनीच मला जॉनीचे भाग दाखवले होते, लाइट गेली की पुढची गोष्ट मनाने रचून सांगायचे.

मोरपंखी: @दूरदेशी वाचून डोळे भरले. बाबांना नमस्कार सांगा.

कोकमसरबत: चकली जमली! चिंचबोरताई, जीव वाचवलात.

धागाकर्ता: सोड्याने पत्ती लखलखीत झाली, सोल्डरगन, मनापासून आभार. छातीतला एक दिवा लागला, डावा पाय अजून अडतो. पोरगं आजोबांचं बंद घड्याळ बांधून समोर बसलंय आणि हळू आवाजात त्याला "चल" म्हणतंय. नवे सेल आणायला निघालोय.