अनुभव धागा: त्यांच्या हातचे काम

माझ्या पतींचे वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झाले. निधनाच्या बातमीसाठी मजकूर लिहिताना मुलांनी ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’, ‘परोपकारी’ असे शब्द सुचवले होते. ते सारे खरे असूनही त्यांत हे मला कुठे दिसेनात, कारण त्याच पानावरच्या बाकीच्या चौकटींतही तेच शब्द छापलेले होते. ज्यांचे पती किंवा वडील आता नाहीत, त्यांनी इथे त्यांच्या हातच्या कामाविषयी लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

हे परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे, म्हणून तिथले लोक ओठांवरून शब्द ओळखत. लग्नानंतर चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, धाकटे दीर आणि गावाहून आलेला कोणी ना कोणी असताना आम्हा दोघांना बोलायची मोठी पंचाईत होती. तेव्हा यांनी मला ती ओठांची भाषा शिकवली आणि सासूबाईंविषयीच्या तक्रारी त्यांच्याच देखत, आवाज न करता सांगण्याची माझी सोय झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर यांचा एवढा विश्वास होता की दिवाळी आली तरी ‘पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार’ असेच हे म्हणत राहिले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे यांच्या लेखी तो अखेरपर्यंत चालूच होता. यावरून आमचे कडाक्याचे भांडण होई, कारण बांगड्या माझ्या मोडल्या होत्या आणि डबेही मीच करत होते. पुढे यांनी एका इमारतीत रखवालदारी केली. त्या कामाबद्दल ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. शेवटच्या आजारात गळ्याला नळी बसवल्यावर आवाज गेला, तेव्हा मुलांनी पाटी आणून ठेवली. मला ती लागली नाही.

*

आमचे अण्णा एसटीत वाहक होते. मुक्कामी गाडी संपवून घरी आले की आधी तिकिटांच्या ट्रेचा हिशेब जुळे, मगच चहा होई. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली, हे ते दर वर्षी त्याच तारखेला नव्याने सांगत. मास्तरांनी शाळेत माझीही जन्मतारीख, अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणे, १ जूनच लावून दिली असल्यामुळे वाढदिवस नेमका माझा की गाडीचा, हे मला बरीच वर्षे कळत नसे.

*

आमचे दादा गवंडी होते आणि गाव किल्लारीच्या पट्ट्यातले. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मध्ये चिखलमातीचा भराव, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेली पांढरी माती. उन्हाळ्यात ते घर थंड राही, म्हणून सगळ्यांना तसेच हवे असे. गणपतींचे विसर्जन करून माणसे झोपली आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा दगडांचे थर एकमेकांपासून फाकले आणि ती सगळी माती खाली आली. आम्ही त्या रात्री शेतात होतो, म्हणून वाचलो.

पुनर्वसनाच्या कामावर दादांना कळले की दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड ठरावीक अंतराने घातले असते, तर भिंती अशा उकलल्या नसत्या. त्यानंतर ते कोणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी भिंतीवर हात फिरवत. माझ्या बहिणीचे स्थळ पाहायला गेले, तेव्हा त्यांनी मुलाच्या पगाराआधी आरपार दगडांची चौकशी केली. व्याही आजही हे हसून सांगतात.

ते गेल्यावर ट्रंकेत त्यांची वही सापडली. १९९३ पूर्वी स्वतः बांधलेल्या घरांची यादी होती आणि काही नावांपुढे आकडे होते. ते मजुरीचे असावेत असे आधी वाटले. आईने एक-दोन नावे वाचली आणि वही मिटली. त्या त्या घरात गेलेल्या माणसांचे ते आकडे होते. हे आम्ही घराबाहेर आजवर कोणाला सांगितले नव्हते.

*

वरचे वाचून लिहावे की नाही, असा प्रश्न पडला. माझे बाबा कारकून होते आणि हातचे काम म्हणावे असे त्यांच्याकडे एकच होते. जूनमध्ये आम्हा तिघांच्या पुस्तकांना ते खाकी कागदाची कव्हरे घालत, आणि वर्ष सरले तरी त्यांचे कोपरे उलगडत नसत. यंदा मुलीच्या पुस्तकांना मी घातली, पण आठवड्यात फुगली. बाबा कोपरा आधी आत दुमडत की कागद वरून खाली घेत, हे आईलाही आठवत नाही. कोणाला ती पद्धत माहीत असल्यास कृपया लिहावी.