पायाचं कुरूप म्हणून ब्लेडने तासलं, आता हाताच्या बोटावरही आलंय. ही चामखीळ आहे का?

रांदपीण_साखळी

नमस्कार. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे म्हणून इथे विचारते. घरात विचारलं की तीन माणसांकडून चार औषधं येतात.

मी गोव्यात साखळी गावाला राहते आणि घरून जेवणाचे डबे देते, रोजचे बावीस. त्यामुळे सकाळी नुस्तं म्हणजे मासे साफ करणं आलंच. बांगडे, सुंगटां (कोळंबी), कधी मोरी. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसलं की तास-दीड तास हात ओलेच. मार्चमध्ये उजव्या तळव्याला, टाचेच्या थोडं पुढे, टणक गाठ आली. चालताना चपलेत खडा गेल्यासारखं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, कुरूप आहे, तासून टाक. मी पाय गरम पाण्यात भिजवला, मिस्टरांचं दाढीचं ब्लेड घेतलं आणि वरचा थर काढला. आत काळे ठिपके दिसले, तीळ पेरल्यासारखे. काटा मोडून राहिला असेल म्हणून सुईने कोरायला गेले, तर रक्त थांबेना. ब्लेड धुऊन परत जागेवर ठेवलं. हो, ठेवलं. रागावू नका.

महिना-दीड महिन्याने एकाच्या जागी चार झाले, एकमेकांना चिकटून. जूनपासून डाव्या तर्जनीच्या नखाच्या कडेला एक खरखरीत उंचवटा आलाय, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. सुंगटां सोलताना टोक टोचतं ते नेमकं तिथेच. आणि आता मिस्टरांच्या हनुवटीखाली दोऱ्यासारखे बारीक तीन कोंब दिसताहेत. ते म्हणतात तुझ्यामुळे. मी म्हणते, तुमचा न्हावी.

शेजारीण काजूच्या टरफलाचं तेल लावायला सांगते. आई म्हणते लहानपणी चांदण्या मोजायचीस, म्हणून आलं. मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं की हा विषाणू कॅन्सरवाला आहे, तेव्हापासून ते माझ्या ताटाला हात लावत नाहीत. मुख्य काळजी वेगळीच आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ऑर्डर घेतलीय, चारशेची. या बोटाने मुरड घालू का? लोकांना लागेल का? आणि डॉक्टरकडे जायचं तर कुठल्या?

पात्रांव_डिचोली

कसले डॉक्टर! काजूच्या टरफलाचं तेल काडीने लावा, आठ दिवसांत गळून पडते. आमच्या आजोबांची तशीच गेली. बोटावरचीला घोड्याचा केस बांधला तरी चालतो, पण आता घोडा कुठून आणणार.

वाळपईची_वहिनी

पात्रांव, ते तेल माझ्या मुलाच्या मनगटावर लावलं होतं. चामखीळ मसूरएवढी आणि भाजल्याचा डाग रुपयाएवढा. तीन वर्षं झाली, डाग आहे तसाच. काजूच्या दिवसांत बिया भाजणाऱ्या बायकांचे हात बघितलेत का कधी? साल कशी सोलवटते ते? ताई, लावू नका.

फार्मसीकाका_फोंडा

बाय, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा होतो, आता मुलगा बसतो. चामखीळ आणि कुरूप यांचा घोटाळा घेऊन रोज एक तरी गिऱ्हाईक यायचं. बहुतेकांनी आधी ब्लेड चालवलेलं असायचं, त्यामुळे तुझ्यावर रागावण्यासारखं काही नाही.

तू वर्णन केलंस ती चामखीळच वाटते. ओळखायची रीत सांगतो. तळव्याच्या कातडीवर ठशासारख्या रेघा असतात. कुरुपावरून त्या तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात आणि बाजूने वळसा घालतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जीव जातो. आणि ते काळे तीळ म्हणजे काटा नव्हे, मूळही नव्हे. त्या रक्त साकळलेल्या बारीक केशवाहिन्या. म्हणून तर तू कोरल्यावर रक्त आलं. चामखिळीला मूळ असतं ही समजूत फार चिवट आहे. ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते, खाली हाडापर्यंत काही गेलेलं नसतं. 'मुळासकट' काढायच्या नादात लोक नुसता खड्डा पाडून घेतात.

कारण विषाणू, एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस). पण एचपीव्ही हे एकाचं नाव नव्हे, ते आडनाव समज. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि प्रत्येकाची राहायची जागा ठरलेली. हातापायांवरच्या चामखिळी बहुतेक 1, 2, 4, 27, 57 या प्रकारांच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी मुख्यतः ज्यांचा संबंध आहे ते 16 आणि 18, वेगळे. मुलींना देतात ती लस त्यांच्यासाठी, हातावरच्या चामखिळीसाठी नाही. मिस्टरांना सांग, ताट घ्या.

आता पसरण्याचं. धडधाकट कोरड्या कातडीतून हा विषाणू सहसा आत शिरत नाही, त्याला ओरखडा लागतो, नाहीतर पाण्याने पांढरी पडलेली, मऊ झालेली साल. तुझं काम बघ: तासभर ओले हात, वर सुंगटांचं टोक, खवल्यांचे ओरखडे. खाटीक आणि मासे कापणारे यांच्या हातांवर चामखिळी जास्त दिसतात हे डॉक्टर लोकांनी फार पूर्वीच टिपून ठेवलंय. माशातून येतात असं मात्र नाही, हा विषाणू माणसाचाच. लागण झाल्यावर दिसायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. त्यामुळे कोणी कोणाला दिलं हे तुमच्या घरातलं भांडण मिटणार नाही, मीही निकाल देत नाही. मात्र चामखीळ तासलेलं ब्लेड दाढीला वापरणं म्हणजे कातडीवर बारीक बारीक दारं उघडून आत बोलावणं. दाढीतल्या त्या कोंबांवरून रोज ब्लेड फिरलं तर ओळीने आणखी येतील. मिस्टरांनी तूर्त दाढी वाढवावी, अगदीच नको असेल तर ट्रिमरने, आणि तोही त्यांचा एकट्याचा.

दुकानात मिळणारं औषध म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचा पेंट, बहुतेक बाटल्यांत जोडीला लॅक्टिक ॲसिड असतं. पायावरच्या चार गाठींना ते चालेल, पण धीर हवा. रोज रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, पुसायचा, वरची मेलेली पांढरी साल कानसपट्टीने हलकी घासायची. ती पट्टी फक्त त्या गाठींची, नखांना लावायची नाही, कोणाला द्यायची नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन, मग चामखिळीवरच थेंब. असं बारा आठवड्यांपर्यंत. लोक दहा दिवस लावतात आणि बाटली परत आणून माझ्याशी भांडतात. झोंबून लाल झालं तर दोन दिवस थांबायचं. आणि तू रांदपीण, स्वयंपाक करणारी, म्हणून मुद्दाम: त्यात कोलोडियन नावाचा वाळून पापुद्रा होणारा चिकट द्रव असतो, तो भप्पकन पेटतो. गॅसच्या ओट्यावर बाटली ठेवायची नाही.

चेहऱ्यावर हे औषध अजिबात नाही. म्हणजे मिस्टरांना त्वचारोगतज्ज्ञांकडे जावंच लागेल. तुझं बोटही दाखव. नखाच्या कडेची चामखीळ नखाखाली सरकते आणि तिथे चुकीचा हात लागला तर नख कायमचं वाकडं उगवतं. एरवी घाई नसते. लहान मुलांच्या तर निम्म्याअधिक चामखिळी वर्ष-दोन वर्षांत काही न करता जातात. म्हणून तर होमिओपॅथीचा थुजा, चुना, घोड्याचा केस, देवळात वाहिलेलं मीठ, सगळ्यांना यश येतं. ज्या आठवड्यात ती आपली आपण जाते त्या आठवड्यात जे लावलेलं असेल त्याचा जयजयकार.

नेवऱ्यांबद्दल: हे खाण्यातून होणारं दुखणं नव्हे, कातडीला कातडी लागून होणारं आहे. बोटाला पाणी न शिरणारी पट्टी, वर हातमोजा, आणि खुशाल मुरड घाल. नुस्तं साफ करतानाही तेच.

म्हापशेकर_७२

काकांनी एक गोष्ट राहू दिली, ती माझ्या वडिलांची. मधुमेह होता, पंधरा वर्षांचा. टाचेला गाठ आली. एका दुकानातून कुरुपाची ॲसिडवाली पट्टी आणून चिकटवली, कोणाला सांगितलं नाही. पायाला मुंग्या येऊन येऊन संवेदना गेलेली, त्यामुळे जळतंय हे कळलंच नाही. चौथ्या दिवशी मोज्याला वास आला तेव्हा आईने बघितलं. जखम भरायला पाच महिने लागले, पाय वाचला ते नशीब. रांदपीणताई, तुम्हाला साखर नाही ना? आधी ते तपासा.

फार्मसीकाका_फोंडा

बरोबर बोललात, हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मधुमेह, पायाला रक्तपुरवठा कमी, संवेदना कमी: यांनी दुकानातलं कुठलंही ॲसिड पायाला लावू नये, सरळ डॉक्टर. अवयव बदललेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनीही. जननेंद्रियांच्या भागात काही आलं तर लाजून दुकानात बाटली मागायची नाही. त्याचे प्रकार वेगळे, उपचार वेगळे, जोडीदारालाही सांगावं लागतं. आणि साठीच्या आसपास पहिल्यांदाच 'चामखीळ' आली, भराभर वाढतेय, रंग बदलतोय, आपोआप रक्त येतंय, भरत नाही, तर ती चामखीळ नसूही शकते. कातडीचा कॅन्सर कधीकधी असाच वेष घेऊन येतो. तिथे एक दिवससुद्धा पेंट लावत बसू नये.

रांदपीण_साखळी

साखर तपासली, नाही. काका, तुमचं वाचून मिस्टरांनी ताट घेतलं, पण ब्लेडचं पाकीट कपाटाच्या वरच्या खणात गेलंय, माझा हात पोचणार नाही असं.

आज बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात दोघंही जाऊन आलो. सकाळची पहिली बस धरली. डॉक्टर मुलगीच होती, माझ्या भाचीएवढी. तिने माझा पाय गुडघ्यावर घेतला, दोन्ही बाजूंनी चिमटा काढला, मी ओरडले. ती म्हणाली, झालं निदान. मग दिव्याचं भिंग लावून मलाही दाखवलं. चार नाहीत, सहा आहेत, दोन अजून कातडीखाली राईएवढ्या. त्यांच्यावर द्रव नायट्रोजन लावला. उणे 196 अंश म्हणे. थर्मासमधून पांढरी वाफ ओट्यावर सांडावी तशी येत होती. कापसाची काडी टेकवली की आधी काही नाही, मग तापलेल्या तव्याला बोट चिकटल्यासारखं. दहा-पंधरा सेकंद, पण मोजून मोजून घेतले. आता तिथे फोड आलाय, फोडायचा नाही असं बजावलंय. तीन आठवड्यांनी परत जायचं, अशा तीन-चार फेऱ्या होतील. मधल्या काळात, फोड बसला की पेंट.

बोटाला तिने गोठवलं फारच थोडं, काका म्हणाले तेच कारण, नखाचं मूळ. मिस्टरांचे कोंब भूल देऊन जागच्या जागी जाळून टाकले. केस जळल्याचा वास आला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी तिला विचारलं, कोणी कोणाला दिलं? ती हसली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नेवऱ्यांची मुरड सासूबाई घालणार आहेत. मी सारण भरेन, हातमोजा घालून. ऑर्डर चारशेची होती, ती साडेचारशे झालीय.

एकच अडलंय. पेंटची बाटली गेल्या आठवड्यात आणली, दोनदाच वापरली, झाकण चिकटून बसलंय. गरम करून बघू का?

फार्मसीकाका_फोंडा

गरम नको!! कोलोडियन म्हटलं ना मी. रबराचा हातमोजा आहेच तुझ्याकडे, तो घालून फिरव, पकड येते. उघडलं की बाटलीचं तोंड दर वेळी कापसाने पुसून मगच झाकण लाव. नाही उघडलं तर नवी घे, मुलाला सांगून ठेवतो, अर्ध्या किमतीत देईल. नेवऱ्या बारा पाठव.